तुटला तर बरा

लग्नकार्यात एक काका हमखास भेटतात, "मग, तुम्ही कुठे होतात नोकरीला?" असं विचारणारे. बँक, शाळा, फार तर टेलिफोन खातं, अशी तीन उत्तरं त्यांनी माझ्यासाठी आधीच काढून ठेवलेली असतात. मी सांगते, "मी वस्तू तोडायचे." काका हसतात. मग मी सांगते की पगार घेऊन तोडायचे, प्रॉव्हिडंट फंडसुद्धा कापला जायचा. यावर काका जिलेबी आणायला म्हणून उठतात ते परत येत नाहीत. त्यांची ऐकायची राहिलेली हकिगत इथे सांगते.

ऐंशीच्या दशकात अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याच्या अलीकडे, एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आमची टेस्टिंग लॅबोरेटरी होती. लॅबोरेटरी म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांपुढे पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या आल्या असतील तर त्या बाजूला ठेवाव्यात. आमच्याकडे पत्र्याच्या छपराचा एक लांबलचक गाळा होता आणि त्यात एक आडवी मशीन. एका टोकाला पक्का खुंटा, दुसऱ्या टोकाला तेलाच्या दाबावर मागे सरकणारा दांडा, भोवती लोखंडी जाळी. मध्ये साखळी, वायर रोप, हुक, जे काय असेल ते अडकवायचं आणि ओढायचं. समोर मोठी तबकडी, तिच्यावर दोन काटे. काळा काटा जोर दाखवत पुढे जातो आणि लाल काट्याला ढकलत नेतो. वस्तू तुटली की काळा शून्यावर परत येतो, लाल बिचारा तिथेच थांबतो. लाल काट्याचा आकडा मी लिहायचा, सही साहेबांनी ठोकायची. देशाच्या प्रगतीत एवढाच आमचा वाटा.

आमचं बरंचसं गिऱ्हाईक म्हणजे रस्ता सोडून गाडी घालणारे आणि मग रुतणारे. जंगल खात्याच्या जीपा, धरणाच्या सर्व्हेवाल्यांच्या जीपा, खाणीतले ट्रक, आणि ज्यांना रुतायची काहीही गरज नव्हती असे जुहूचे हौशी. चिखलातून, वाळूतून, ओढ्यातून गाडी बाहेर ओढायची म्हणजे हुक, साखळी, दोर आले. ते किती ओढ सहन करतील हे आम्ही सांगायचो. ते सांगायला एकच रस्ता होता, तो म्हणजे तुटेपर्यंत ओढणं. पाच टनाला तुटणारी साखळी असली तर तिच्यावर आम्ही एक टनाचाच भार घालायची परवानगी द्यायचो. झटका, गंज, माणसाचा मूर्खपणा, या सगळ्यासाठी उरलेला जोर राखून ठेवायचा. गिऱ्हाइकाला मात्र ठाम वाटायचं की मधले चार टन लॅबवाल्यांनी खाल्ले.

मी डिप्लोमा झालेली मेकॅनिकलची बाई. त्या काळात हे वाक्य लोक दोनदा म्हणायला लावायचे. गिऱ्हाईक आत आलं की माझ्याकडे बघून विचारायचं, "साहेब कुठे आहेत?" साहेब म्हणजे नाडकर्णी साहेब, आमचे मालक, पार्ल्याचे, काचेच्या केबिनमध्ये असायचे. ते गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मिसेस राणेंना विचारा." गिऱ्हाईक परत माझ्यापुढे यायचं आणि तेच सगळं जरा मोठ्या आवाजात सांगायचं. मी बाई होते, बहिरी नव्हते, पण जाऊ दे.

एक जुहूवाला तरुण तर चकाकणारे हुक घेऊन आला होता. मोटारीच्या बंपरसारखे क्रोम करून आणलेले. कडक पोलाद अ‍ॅसिडात बुडवून असं चकचकीत केलं आणि नंतर नीट भाजून घेतलं नाही तर ते ठिसूळ होतं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बट बाई, दिसतो किती झकास!" तो झकास हुक मशीनवर चिक्कीसारखा फटकन मोडला. मग हा पठ्ठ्या मलाच विचारतो, "तुम्हाला जरा हळू नाही का ओढता आलं?" दुसरा एक खाणवाला होता, त्याची अट अशी की साखळी तुटेपर्यंत ओढा, पण तोडू नका, कारण उद्या ती ट्रकला लावायची आहे. अशा लोकांशी बोलून बोलून माझी जीभ तिखट झाली, असं आमच्या घरचे म्हणतात. घरच्यांच्या म्हणण्याकडे मी फार लक्ष देत नाही.

मशीन चालवायचे गावकर. मालवणचा माणूस, कमी बोलणारा, पण जे बोलेल त्याच्यावर अपील नाही. त्यांचा एक नियम होता. मशीनवर दोर किंवा वायर रोप चढला की त्याच्या मध्यावर ते ओलं गोणपाट टाकायचे. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा उसळतो. वर ओलं वजन असलं की तो जागच्या जागी खाली पडतो. बघायला येणाऱ्या इंजिनीयर मंडळींना एवढ्या मोठ्या मशीनवर ते भिजलेलं पोतं बघून हसू यायचं. गावकर म्हणायचे, "हसा. पण जाळयेच्या भायर ऱ्हवान हसा."

अशाच एका दुपारी दारात कोळीण उभी. डोक्यावर पाटी, नाकात नथ, काष्टा कसलेला. गावकरांचा चेहरा उजळला. तिने पाटी खाली ठेवली, वरचं फडकं काढलं, तर आत मासळी नाही, निळ्या नायलॉन दोराचं वेटोळं. गावकरांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

"यो दोर तोरायचा हाय," ती म्हणाली.

ही हिराबाई. मढची. पार्ल्याच्या बाजारात मासळी विकायची आणि नाडकर्णी साहेबांच्या घरची पापलेटं, सुरमई वर्षानुवर्षं तिच्याकडूनच जायची. साहेबांनी कधीतरी भाव करता करता तिला सांगितलं होतं की आमच्याकडे सगळं तुटतं. माणसाने मासळीवालीशी भाव करताना शाईन मारू नये, ती कधीतरी अंगाशी येते.

मी विचारलं, दोर कशाला तोडायचा. मग तिने सांगितलं. तिचा नवरा धर्मा. त्याच्याकडे लष्कराच्या लिलावातली जुनी जीप. मढच्या बाजूच्या किनाऱ्यावर रविवारी शहरातली माणसं पिकनिकला येतात, हौसेने गाड्या थेट वाळूत घालतात आणि भेळ खात बसतात. भरती आली की चाकं रुततात. मग धर्माच्या नावाने हाका सुरू होतात. धर्माचा चुलतभाऊ जीप चालवतो, दोर बांधतो तो धर्मा. समुद्राला पार्किंग समजणाऱ्यांवर त्यांचं घर बरं चाललं होतं.

"मग त्रास काय?" मी विचारलं.

"तरास त्याच्या पायाचा हाय." तिने स्वतःचा पाय पुढे करून दाखवला. "जीप ओढाला लागली का तो दोरावर पाय ठेवून उभा रव्हतो. दोर बोलतो म्हनं. पायाला कलतं म्हनं, किती ताण आला, कवा झटका द्यायचा. मंग हात वर करतो, भाऊ गारी पुढं घेतो. मागं बाजूच्या गावान असाच हुक सुटला नि एकाचा डोला गेला. मी रोज सांगते. माजा ऐकत नाय. कागदाचा ऐकंल. तुमी दोर तोरा, 'तुटला' असा लिवा, शिक्का मारा."

आता यात अडचण होती. साहेबांचं एक तत्त्व होतं आणि ते त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून पुन्हा ऐकवलं. "मिसेस राणे, आपण नमुन्यापुरतं बोलायचं. नमुना कोणाचा, त्यांचे यजमान कुठे उभे राहतात, हे आपल्या कक्षेत येत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण नाही म्हणू नका. श्रावण संपत आलाय."

दोर चढवला. गावकरांनी गोणपाट टाकलं. दांडा मागे सरकू लागला आणि दोर लांबत गेला, लांबत गेला, आवाज नाही, कुरकुर नाही. हिराबाई जाळीला नाक लावून पुटपुटत होती, "तुट रे बाबा, तुट. तुटला तर बरा." मी नोकरीत हजारो माणसं बघितली, सगळी आपली वस्तू टिकावी म्हणून हात जोडून उभी असायची. आपलीच वस्तू मोडावी म्हणून देवाला साकडं घालणारी ही एकटी. शेवटी बंदुकीसारखा बार झाला आणि दोर गोणपाटाखाली गप पडला.

"तुटला!" तिने टाळीच वाजवली.

मी लाल काटा बघितला. मग तिला सांगायचं जे जिवावर आलं होतं ते सांगितलं. दोर पास होता. नुसता पास नाही, पहिल्या नंबरात पास. जीपने आणि मोटारीने मिळून जेवढं ओढलं असतं त्याच्या कितीतरी पलीकडे जाऊन तो तुटला होता.

"तुटला ना? मंग पास कसा?"

"तुटला, पण फार उशिरा तुटला."

"मानूस उशिरा मेला म्हनून त्याला जिता म्हनतात का बाय?" तिने दोराचे तुकडे पाटीत टाकले. "तुटल्यावर पास करता. आमची पोरं तुमच्या शालंत घालाला पायजे होती." कागद घ्यायला ती थांबलीच नाही.

कागद घ्यायला चार दिवसांनी धर्मा आला. नायलॉनचा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, डोळ्यांवर गॉगल. आला तो भांडायलाच आला होता, कारण दोर कमी भरला आणि कापलेला तुकडा इथे आल्याचा छडा लागला होता. "माजा दोर कोनी कापला?" ही पहिली आरोळी. साहेब केबिनमध्ये फोनवर बोलू लागले. तो फोन दोन दिवसांपासून बंद होता.

मी त्याला बसवलं, दोर पास झाल्याचं सांगितलं. राग तिथल्या तिथे विरघळला. दोराचा मालक तोच, म्हणून नियमाप्रमाणे कागद त्याच्या हातात गेला. त्याने जांभळा शिक्का दोनदा उजेडात धरून बघितला.

"हे दोराचं झालं," मी म्हटलं. "पण तुम्ही दोराजवळ उभे राहू नका."

"कोनी सांगितलं? तिनं?" तो हसला. माणूस हसला की आवडावा असाच होता, उगाच खोटं कशाला बोलू. "बाय, माजा बाप काथ्याचा दोर वापरायचा. आज्जा पन. होरीवर आमी पायानंच दोर ऐकतो. तो कुरकुरतो, येक येक पदर तुटतो, तो सांगतो, आता मना सोर. मंग सोरायचा."

त्याचं खरं होतं. काथ्याचा दोर बोलतो. तुटायच्या आधी करकरतो, एकेक पदर सोडतो. पण नायलॉन वेगळा. तो रबरासारखा लांबतो, सगळा जोर पोटात साठवून ठेवतो आणि सोडला की एकदम सोडतो. दोर तुटो, हुक तुटो नाहीतर गिऱ्हाइकाच्या गाडीचा गंजका बंपर उपटून येवो, मध्ये जो उभा असेल त्याची वाट लागली. मी हे सगळं सांगितलं. गावकर मागून म्हणाले, "नायलॉन सांगान तुटणा नाय, धर्मादादा."

"तुमच्या मशिनला पाय नाय, गावकर. तिला काय कलनार?" असं म्हणून कागद गुंडाळून तो गेला. हुकाची टेस्ट कर, म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. हुक लोखंडाचा आहे, लोखंडाला काय धाड भरते, असं त्याचं मत पडलं.

हिराबाई पुन्हा आली ती रिकामी पाटी घेऊन, आणि बसली नाही.

"कागुद फ्रेम करून जीपला लावलाय. त्याला हार घालतो. गिऱ्हाइकाला बोलतो, 'डरने का नहीं, गव्हर्मेंट पास रस्सी है.' आनि आता दोन पाय ठेवतो."

"दोन पाय?"

"आदी येक ठेवायचा. तुमचा कागुद आल्यापासून दोरावर दोन पाय. सर्कशीसारका."

मला काय वाटलं ते साध्या शब्दांत सांगते. आमच्या कागदावर एक अक्षर खोटं नव्हतं. दोर चांगला होता, आकडा बरोबर होता, शिक्का जागेवर होता. आणि त्या खऱ्या कागदामुळे एक धडधाकट माणूस मरणाच्या एक पाऊल जवळ सरकला होता. ते केबिनमधलं तत्त्व मला त्या दिवशी पहिल्यांदा शिसारी आणणारं वाटलं.

धर्माला समजावून उपयोग नव्हता, पण त्याला फ्रेमची हौस होती. मी हिराबाईला म्हटलं, त्याला सांग की बाई म्हणतात, हुकाचा पण कागद करून देऊ, जीपला दोन्ही बाजूंनी शोभतील. तो दुसऱ्याच दिवशी खांद्यावर दोर टाकून हजर. हुक आणला तो गडद निळ्या रंगात न्हालेला. नारळी पौर्णिमेला होडी रंगवताना उरलेला रंग दरवर्षी हुकाला, असा त्यांच्या घरचा रिवाज. वर्षानुवर्षांचे थर बसले होते. होडीला रंग दिला की लाकूड टिकतं. हुकाला दिला की त्याच्या मानेवरची चीर दिसेनाशी होते. प्रेमाने रंगवलेला हुक न रंगवलेल्या हुकापेक्षा वाईट, हे त्या घरात कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. मला तर तो रंग बघूनच शंका आली होती.

मी दोर, हुक, दोन्ही एकत्र चढवायला सांगितलं, जसे किनाऱ्यावर असतात तसे. आणि गावकरांना म्हटलं, आज गोणपाट नको.

गावकरांनी हात मागे घेतले. "गोणपाटाशिवाय मी बटान दाबूचंय नाय."

"त्यांना बघू दे गावकर. किनाऱ्यावर कुठे असतं गोणपाट?"

मग त्यांनी जाळीची दोन्ही दारं लावली, कड्या तपासल्या, साहेबांना केबिनबाहेर काढून भिंतीआड उभं केलं, आणि डोळे मिटून वेतोबाला गाऱ्हाणं घातलं. त्याआधी मी धर्माला जाळीच्या आत बोलावून विचारलं होतं, तू कुठे उभा राहतोस ते दाखव. त्याने ऐटीत दाखवलं. त्या जागी तेलाचा रिकामा डबा ठेवला. "यो मी का?" धर्मा म्हणाला, आणि हौसेने त्याने आपला गॉगल डब्यावर ठेवला.

दोर ताणला गेला. काटा दोराच्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतही गेला नव्हता. धर्मा मान कलती करून कान देत होता, दोर काय बोलतो ते ऐकायला. दोर काहीच बोलला नाही. हुक मानेशी मोडला. काय झालं ते कोणाला दिसलंच नाही, नुसता आवाज झाला आणि जाळी थरथरत राहिली. हुकाचं निळं डोकं दोराबरोबर उलटं आलं होतं आणि डब्याच्या एका बाजूने शिरून, दुसऱ्या बाजूने निघून जाळी तोडून तिच्यात अडकलं होतं. गॉगलचे तुकडे शोधून गोळा करावे लागले. मोडलेल्या तोंडावर बघितलं तर अर्ध्यापर्यंत जुना काळपट गंज आणि उरलेलं ताजं, चमकदार लोखंड. म्हणजे तो हुक किती दिवस अर्धाच होता.

धर्माने डबा उचलला. भोकातून हात घातला, पलीकडे बोटं हलवून बघितली. मग म्हणाला, "डबा पातल हाय."

त्याने पाणी मागितलं. कागद मागितला नाही.

मी जिंकले, असं मला वाटलं. लाज कशाला बाळगू, चांगलंच वाटलं. साहेबांनी माझं तोंडभरून कौतुक केलं आणि तुटलेली जाळी वेल्डिंगला पाठवली. गावकर पुढचा आठवडा माझ्याशी बोलले नाहीत. पार्ल्याहून खबर मिळायची की हिराबाई खुशीत आहे, धर्माने नवा हुक घेतलाय, रंग दिलेला नाही, आणि तो आता दोराच्या जवळपाससुद्धा फिरकत नाही.

दिवाळीच्या आधी एका रविवारी आमचं अर्ध्या दिवसाचं काम होतं. हिराबाई गावकरांसाठी बांगडे घेऊन आली. खूश होती. मी सहज विचारलं, धर्मा आता दोराजवळ नसतो, मग चुलतभावाला इशारा कोण देतं?

"भाऊ कुठं हाय? डब्याची गोष्ट ऐकली नि पलाला. बोटीवर लागला. गारी आता ह्योच चालवतो."

"आणि दोराजवळ?"

"मी रव्हते ना."

माझ्या हातातलं काम थांबलं. ती अगदी सहज सांगत होती, जसं कोणी सांगावं की आता पाणी मी भरते. कोणीतरी उभं राहायलाच लागतं. दोर सैल आहे का ताणलाय ते जीपमधून दिसत नाही. झटका देणारा आत, हात करणारा बाहेर. धर्माने तिला ढकललं असंही नाही. एक जागा रिकामी झाली आणि घरातलं जे माणूस मोकळं होतं ते तिथे जाऊन उभं राहिलं. एवढा मोठा डबा फोडून मी नवऱ्याच्या जागी बायको आणली होती. याला आमच्या भाषेत यशस्वी चाचणी म्हणतात.

"हिराबाई, तुझ्या पायाला कळतं काही?"

तिने जरा विचार केला. "नाय बाय. तुमी बोल्लात ते खरा हाय. दोर कायपन बोलत नाय."

मी पर्स उचलली. साहेब केबिनमधून म्हणाले, "मिसेस राणे, रिपोर्ट?" मी म्हटलं, नमुना बघायला चाललेय. तीन वाहनं बदलून आम्ही दोघी मढला पोचलो तेव्हा भरती लागली होती.

किनाऱ्यावर एक फियाट मागच्या चाकांपर्यंत वाळूत गेलेली. मालक सफारी सूटमध्ये, पँट गुडघ्यापर्यंत वर, मुलुंडहून आलेला. बायको-मुलं लांब चादरीवर बसलेली. तो धर्माला सांगत होता की गाडी अजून नवी आहे. नव्या गाडीला समुद्र सवलत देतो असं त्याला कोणीतरी सांगितलं असावं. दोर बांधून तयार होता, जीप लांबवर पुढे उभी. धर्मा आत चढत होता. मला बघून त्याने हात केला. "बाय! नवा हुक बघितलात? रंग नाय लावला!"

हिराबाईने काष्टा आवळला, नेहमीसारखी गेली आणि दोरावर पाय ठेवून उभी राहिली. जीप सुरू झाली. दोर पाण्यातून वर उचलला, थेंब गाळत सरळ होऊ लागला.

मी चपला काढल्या आणि जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. माझा पाय दोरावर ठेवला. घाबरले होते, हे कबूल. पायाखाली तो दोर सापासारखा गार लागला आणि अगदी मुका होता.

धर्माने आरशात बघितलं असावं. जीप थांबली. तो दारातून अर्धा बाहेर आला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "ओ बाय! बाजूला व्हा! दोराचा काय भरवसा नाय, मराल तिथं!"

मी हलले नाही. हिराबाईने मान वळवली. पाय दोरावर तसाच.

"ती मरंल," ती म्हणाली. "आनि मी?"

ओरडली नाही ती. पण वारा तिकडेच वाहत होता. धर्मा दारात तसाच लटकून राहिला. मग त्याने आत वाकून इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि पाण्यातून चालत आमच्यापर्यंत आला.

"पाय काढ," तो म्हणाला.

तिने काढला नाही. त्याच्याकडे बघत राहिली.

मग गिऱ्हाइकादेखत, माझ्यादेखत, किनाऱ्यावरच्या चार कोळ्यांदेखत धर्मा खाली वाकला आणि दोन्ही हातांनी बायकोचा पाय दोरावरून उचलून वाळूत ठेवला. सफारी सूटवाला मागून ओरडत होता, "अहो, पाणी इंजिनात शिरतंय, काहीतरी करा!" आम्हा तिघांपैकी कोणीही मागे वळून बघितलं नाही.